लोकरीच्या ओळी

२७ सप्टेंबर. ग्वालहाइना, घरीच.

मी बोलते आहे आणि रोसामेल लिहितो आहे. हे सगळ्यात आधी लिहून ठेव म्हटलं, म्हणजे पुढे कुणी वही उघडलीच तर अक्षराचा दोष माझ्या माथी यायला नको. मला अक्षर येत नाही. लहानपणी शाळा घोड्यावरून अर्ध्या दिवसावर होती आणि मेंढ्या दारातच होत्या, त्यामुळे आईला फार विचार करावा लागला नाही. आकडे मात्र येतात. धागे मोजल्याशिवाय मागावरून पट्टा उतरत नाही.

मी एर्मिंदा न्यांकुफिल. वय एकाहत्तर. तीन नातींची आजी, आणि हा जो लिहितो आहे त्याची चव्वेचाळीस वर्षांपासूनची बायको.

वहीची कल्पना त्याची. मागच्या महिन्यात तो छातीचा फोटो काढायला म्हणून बसने एस्केलला गेला आणि येताना जाड पुठ्ठ्याची वही घेऊन आला. छातीचं काय झालं विचारलं, तर म्हणाला, छाती आहे जागेवर. दुसऱ्या दिवशी आमच्या गावच्या पाववाल्याकडून त्याची जुनी गाडी घेतली. मागे फळ्या ठोकून पलंग केला, गॅसची शेगडी बसवली, माझा लहान माग टांगायला खिळा मारला आणि मला म्हणाला, तू बोलत जा, मी लिहीत जाईन. ज्यानं इतक्या वर्षांत माझं एक वाक्य शेवटपर्यंत ऐकलं नाही, तो आता लिहून घेणार. याच्या हातून काहीतरी गुन्हा झालेला असावा असा माझा अंदाज आहे. हेही लिही म्हटलं. लिहिलंय म्हणतो.

आम्ही देवमासे बघायला निघालो आहोत. एकतीस वर्षं हा माणूस पठारावरची लोकर ट्रकमधून माद्रिनच्या बंदराला पोचवत होता. दरवर्षी परत आला की सांगायचा, किनाऱ्याला लागून देवमासे उभे असतात, माझ्या ट्रकएवढे. पुढच्या वर्षी ते ट्रेलरसकट ट्रकएवढे झाले. मी समुद्रच पाहिलेला नाही, तेव्हा मान डोलवायची आणि सूत कातत बसायची. माझा विश्वास नाही हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आता म्हणतो, चल, दाखवतो.

देवमासे डिसेंबरपर्यंत असतात म्हणे. मी म्हटलं, मेंढ्यांची कातरणी होऊ दे, मग जाऊ. नाही. आत्ताच जायचंय.

२९ सप्टेंबर. तेका.

गाडीत अजून पावाचा वास आहे. रात्रभर भूक लागल्यासारखं वाटतं आणि सकाळी खायला कालची भाकरी.

रोसामेल सकाळी दहाच्या आधी गाडी काढत नाही आणि दुपारी चारनंतर चालवत नाही. ट्रकवर असताना दोन दिवस डोळ्याला डोळा न लावता गाडी हाकल्याच्या गोष्टी याच तोंडानं सांगायचा. आता म्हणतो, म्हाताऱ्या इंजिनला थंडी मानवत नाही. मला हे पटलं. उशिरा का होईना, शहाणपण आलं. गाडी हळू चालवतो आणि रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ धरून चालवतो, जणू ती रेघ चाकाला शिवून टाकली आहे.

एक नवीन खोड लागली आहे. माझ्याशी बोलताना तोंड खिडकीकडे करतो आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघतो. कोंबडी दाण्याकडे बघते तसं. मी म्हटलं, म्हाताऱ्या, लग्नाच्या वेळी असा चोरून बघायचास, आता कुणाची भीती आहे? हसला, पण मान तशीच वाकडी.

तेका सोडल्यावर कुंपणाच्या तारेपाशी चोइके, म्हणजे आमच्याकडचा शहामृग, उभा होता, दोन लांब पाय, आणि पिसं बायकांच्या घागऱ्यासारखी. रोसामेल म्हणाला, ते बघ ग्वानाको. ग्वानाको म्हणजे लांब मानेचं, लोकरीचं रानटी जनावर, त्याला चार पाय असतात आणि पिसं नसतात. एवढा फरक माझ्या धाकट्या नातीलाही कळतो, आणि तिनं दोघांनाही फक्त शाळेच्या भिंतीवरच्या चित्रात पाहिलंय. तसं सांगितलं, तर म्हणाला, ग्वानाको मागे होता, तुला दिसला नाही.

एक ऑक्टोबर. पासो दे इंदिओसच्या अलीकडे.

आजचं लिहायला तो तयार नव्हता. मी म्हटलं, मग वही कशाला आणलीस?

रस्त्याकडेला गाउचितो संताची लाल घुमटी आणि लाल झेंडे दिसले की हॉर्न वाजवल्याशिवाय पुढे जाणारा ड्रायव्हर आमच्याकडे नाही. संत रागावतो, टायर तरी फुटतो नाहीतर घाटात ब्रेक तरी जातो. रोसामेल तर तीनदा वाजवायचा, दुरून, समोर आणि ओलांडल्यावर. टोपी काढून मांडीवर ठेवायचा. एकदा विसरला असं एकतीस वर्षांत झालं नाही.

आज एका घराच्या कुंपणावर कुणा बाईनं तीन लाल ब्लँकेटं वाळत घातली होती. रोसामेलनं दुरूनच वेग कमी केला, टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि तीनदा हॉर्न वाजवला. माझी हसून पुरेवाट झाली. ती बाई हात पुसत बाहेर आली. गाडी पाववाल्याची, हॉर्न वाजलेला, तिनं पाव मागितले. आमच्याकडे पाव नव्हते. सकाळी तळलेल्या चार पुऱ्या होत्या, त्या दिल्या. तिनं आम्हाला सहा अंडी दिली. सौदा बरा झाला, पण संताला या धंद्याची कल्पना नसावी.

दिवसभर मी दर कुंपणापाशी म्हणत होते, टोपी काढ, तिथे परकर वाळतोय. दुपारनंतर तो हसेनासा झाला. पूर्वी चेष्टा सहन होत नाही असं याचं नव्हतं. वय झालं की माणसं चिडकी होतात हे आईच्या वेळी पाहिलं होतं.

दोन ऑक्टोबर. लोस आल्तारेस.

नदीच्या काठाला गाडी लावली आहे. समोर लाल कडे. रोसामेल म्हणाला, काय रंग आहे. मी म्हटलं, वीटभट्टीचा. 

संध्याकाळी गवतात माराची जोडी आली. मारा म्हणजे सशासारखे कान आणि हरणासारखे पाय, देवाकडे उरलेल्या तुकड्यांतून जोडलेलं जनावर. एक खातो आणि एक बसून राखण करतो, मग अदलाबदल. जन्मभर दोघंच. मी बोट केलं, तर रोसामेल बराच वेळ बघत राहिला, मग तोंड वळवलं, मग म्हणाला, हो, एक आहे. एक नव्हे, दोन होते, अगदी लागून. मी म्हटलं, राखण करणारा तुझ्यासारखाच असणार, आहे की नाही ते कळत नाही.

आज खरी घुमटी लागली, पंधरावीस झेंडे लावलेली, वाऱ्यात फडफडत. रोसामेलनं हॉर्न वाजवला नाही. टोपीला हात लावला नाही. सरळ पुढे गेला. माझ्या चेष्टेचा राग संतावर काढला म्हणायचा. मी माघारी फिरव म्हटलं, तर फिरवेना. मी मनात माफी मागितली. त्याच्या वतीनं नाही, गाडीच्या वतीनं.

तीन ऑक्टोबर.

वारा. चार बोटं पट्टा विणून झाला. बाकी काही नाही. माते म्हणजे आमचं कडू पाल्याचं पेय, त्याच्या तुंबडीत गरम पाणी ओतताना रोसामेलनं दोनदा अंगठा भाजून घेतला.

पाच ऑक्टोबर. लास प्लुमास.

काल मी काही सांगितलं नाही. त्यानं वही उघडली होती, मी पट्टा विणायचाय म्हणून बसले. आता कालचं आणि आजचं एकदम सांगते, आणि तो लिहील.

काल दुपारी, अडीचच्या सुमाराला, लास प्लुमास अजून दहा-बारा किलोमीटर असेल. रस्ता सरळ, ऊन समोरून नाही, मागून. उतार संपतो तिथे रस्त्याच्या बरोबर मधे ग्वानाकोची मादी उभी होती, आडवी. गाभण होती, पोट दोन्हीकडून दिसत होतं. मी बघत होते. रोसामेलही तिकडेच बघत होता. मी वाट बघितली की आता हा हॉर्न मारेल, आता ब्रेक दाबेल. तो एका हातानं मानेमागे खाजवत होता.

मी म्हटलं, "ग्वानाको."

तो म्हणाला, "कुठल्या बाजूला?"

मग मी ओरडले, आणि त्यानं ब्रेक दाबला. भांडी, माग, अंडी, सगळं पुढे आलं. गाडी थांबली तेव्हा मादीचं तोंड काचेपासून हातभरावर होतं. तिनं आमच्याकडे बघितलं, खाली वास घेतला, आणि घाई नसल्यासारखी कुंपणावरून उडी मारून गेली. रोसामेल म्हणाला, ऊन डोळ्यांत आलं. ऊन पाठीमागे होतं. लास प्लुमासपर्यंत मीच बोलत राहिले, डावीकडे खड्डा, समोर ट्रक, उजवीकडे पेट्रोल पंप. तो प्रत्येक वेळी म्हणाला, दिसतंय मला.

आज सकाळी मी म्हटलं, परवापर्यंतचं वाचून दाखव. यानं वाचलं. ब्लँकेटं, बाई, अंडी, लाल कडे, मारा, झेंडे, सगळं बरोबर होतं, मी बोलले होते तसंच. पण तीन दिवसांचं बोलणं वाचताना त्यानं पान एकदाही उलटलं नाही. मला वाचता येत नाही, पण एवढ्या सुतात केवढं कापड व्हायला हवं ते मला कळतं.

तो पाणी आणायला नदीवर गेला तेव्हा मी वही उघडली. आजवर कधी उघडली नव्हती, मला त्यात काय बघायचंय? पहिलं पान बरं आहे, ते घरच्या टेबलावर, मोठ्या दिव्याखाली झालेलं. पुढच्या पानांवर ओळी एकमेकींवर चढल्या आहेत. एक ओळ निघते ती मधेच खालच्या ओळीत शिरते, वरून तिसरी त्यांच्या पाठीवर. काही ठिकाणी एकाच जागी तीनदा लिहून काळा गोळा झाला आहे, आणि शेजारी अर्धं पान कोरं. मांजर खेळून गेल्यावर माग दिसतो तसं. अक्षर न येणाऱ्या बाईलाही कळावं इतकं.

इथपर्यंत लिहिताना त्याचा हात थांबला. मी म्हटलं, "लिही."

मग मी पेट्रोल पंपापाशी जाऊन नेलिदाला फोन लावला. नेलिदा आमची मुलगी, त्रेलेउला टॅक्सी चालवते. ती उद्याच्या बसने येते आहे. गाडीची किल्ली माझ्या लोकरीच्या पिशवीत आहे, तपकिरी सुताच्या गुंडीच्या आत, आणि ती गुंडी मी आणखी गुंडाळते आहे.

इथे त्यानं पेन खाली ठेवलं. पुढचं आम्ही बोललो ते मी त्याला नंतर सांगून लिहायला लावलं आहे.

मी विचारलं, "किती दिसतं?"

"कडेकडेनं दिसतं. मधे नाही. जिथे बघावं तिथेच धुकं."

"डॉक्टरनं गाडी चालवू नको सांगितलं?"

"ते त्यानं सगळ्यात आधी सांगितलं."

"छातीचा फोटो नव्हताच तर."

"नव्हता."

"आणि मी दिसते?"

"तुझ्याकडे बघितलं की तू नसतेस. खिडकीकडे बघितलं की असतेस."

आठवडाभर मी त्याला कोंबडी म्हणत होते.

मला दया आली असं कुणी समजू नये. मला राग आला. मी म्हटलं, त्या मादीच्या पोटात पिल्लू होतं. आणि तुझ्या शेजारी मी होते, मीही तुझ्या लक्षात असायला हरकत नव्हती. तो म्हणाला, हळू चालवत होतो, रेघ दिसते मला, रेघ कडेला असते. मी म्हटलं, ग्वानाको रेघेवर उभं राहायला शिकलेले नाहीत.

मग तो म्हणाला, "सांगितलं असतं, तर निघू दिलं असतंस?"

"नाही."

"मग."

मी म्हटलं, देवमासे पळून चालले नव्हते. नेलिदाला सांगितलं असतं तर तिनं नेलं असतं. तो म्हणाला, नेलं असतं गं, पाहुण्यासारखं मागच्या सीटवर बसवून. मला तुला न्यायचं होतं. एकतीस वर्षं मी खोटं बोलतो असं तुझं मत आहे.

आणि वही कशाला, विचारलं. म्हणाला, तू बोललेलं वाचायचं होतं, वाचता येतंय तोवर. एस्केलच्या दुकानात वही घेताना वाटलं होतं की तेवढं जमेल. जमलं नाही.

म्हणजे गुन्हा होता, अंदाज बरोबर निघाला. तो कुठल्या जातीचा गुन्हा आहे ते अजून ठरवता येत नाही.

सहा ऑक्टोबर. लास प्लुमास, मग रस्ता.

नेलिदा साडेअकराच्या बसमधून उतरली. बापाकडे गेली नाही, आधी गाडीभोवती फिरली, चारही टायरना लाथ मारून बघितली. त्याचीच मुलगी. मग त्याच्यासमोर उभी राहिली. तो तिच्या खांद्याशेजारच्या पंपाकडे बघत होता. तिला ते कळलं, कारण तिनं मान फिरवून पंपाकडे पाहिलं, आणि मग परत त्याच्याकडे पाहिलं नाही.

तिनं सगळं ठरवून आणलं होतं. थेट त्रेलेउला, तिच्या घरी. सोमवारी डोळ्यांचा डॉक्टर. पावाची गाडी विकायची. गावच्या घराचं नंतर बघू. ती हे सगळं मला सांगत होती, जणू तो गाडीत टांगलेला माग आहे. मी म्हटलं, डॉक्टर सोमवारी आहे ना, आज मंगळवार आहे. आधी देवमासे.

"आई, देवमासे पुढच्या वर्षीही असतील."

"देवमासे असतील," मी म्हटलं.

ती पिशवी उचलून गाडीत ठेवायला गेली आणि जरा जास्तच वेळ तिथे राहिली. 

मी गुंडी उलगडली आणि किल्ली दिली. रोसामेल आधीच ड्रायव्हरच्या सीटपाशी गेला होता. मला वाटलं, आता भांडण होणार. त्याच्या सीटवर मेंढीचं कातडं असतं, ट्रकवर होतं तेच, मी कमावलेलं, एकतीस वर्षं त्यावर दुसरं कुणी बसलं नाही. त्यानं ते सोडवलं, झटकलं आणि शेजारच्या सीटवर घातलं. मग त्यावर बसला आणि दार ओढून घेतलं. मी पाहिलं, नेलिदानं पाहिलं.

रस्ताभर तो बोलत होता. तिसऱ्यात घे. चढ येईल आता, आधीच घे. नेलिदा म्हणाली, बाबा, तिसऱ्यातच आहे. तो म्हणाला, आवाजावरून वाटत नाही. ती म्हणाली, मी अठरा वर्षं माणसं वाहते, लोकर नाही, लोकर ओरडत नाही. मी मागे पलंगावर बसून अंडी नसलेल्या टोपलीकडे बघत होते आणि बऱ्याच दिवसांनी मला झोप आली.

दोलाव्होनच्या अलीकडे झेंडे दिसले. नेलिदानं वेग कमी केला आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "म्हाताऱ्या, आलं." त्यानं टोपी काढली, मुलीच्या पुढून हात घातला आणि तीनदा हॉर्न वाजवला. या वेळी धुणं नव्हतं. मी खात्री करूनच सांगितलं होतं.

सात ऑक्टोबर. त्रेलेउ, नेलिदाच्या स्वयंपाकघरात.

उद्या सकाळी भरती आहे, भरतीला देवमासे काठाशी येतात, म्हणून आज थांबलो. रिकामं बसण्यापेक्षा वही दुरुस्त केली.

नेलिदाच्या घरातल्या बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, वहीच्या पानाएवढा. मधे खिडकी कापली. दोन्ही कडांना दात पाडले आणि त्यावरून काळी लोकर आडवी ताणली, बोटाच्या रुंदीनं, घट्ट. पान पुठ्ठ्याच्या खाली सारायचं. डाव्या हाताचं बोट दोन धाग्यांच्या मधे ठेवायचं आणि बोटाच्या मागोमाग पेन. वरचा धागा बोटाला लागतो, खालचा पेनला लागतो. ओळ संपली की बोट एक धागा खाली. यात नवीन काही नाही. ताणा न ताणता कुणी विणायला बसत नाही, हाच बसला होता.

पहिल्या ओळीवर त्यानं माझं नाव लिहिलं. नेलिदा म्हणाली सरळ आलंय. मी बघितलं. सरळ होतं. माझ्या नावाला पंधरा खुणा लागतात, मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त.

मग दुसऱ्या पानापासूनचं सगळं मी पुन्हा सांगितलं आणि त्यानं पुन्हा लिहिलं, तेका, ब्लँकेटं, मारा, काल-परवाचंही. मी बोलले होते तसंच सांगितलं, जिथे मला कळलं नव्हतं तिथे न कळल्यासारखंच. नेलिदा म्हणाली, आई, आता माहीत आहे तर कोंबडीचं कशाला ठेवतेस? रोसामेल म्हणाला, कोंबडी राहू दे, ब्लँकेटं काढ. मी दोन्ही ठेवलं. खराब झालेली पानं नेलिदा फाडायला निघाली होती. फाडू दिली नाहीत. उसवलेलं सूत कुणी टाकतं का.

आठ ऑक्टोबर. दोरादिल्योचा किनारा.

समुद्र पाहिला. आमच्या पठारासारखाच आहे, फक्त हलतो.

किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. रोसामेलला एका बाजूनं मी धरलं, दुसऱ्या बाजूनं नेलिदा धरायला गेली तर त्यानं हात सोडवून घेतला, ही वाट मला पाठ आहे म्हणाला, आणि लगेच घसरला. मग धरू दिलं. पाण्यापासून दहा पावलांवर कातडं अंथरलं आणि बसलो. वारा होता. माते केली. पाणी मी ओतलं.

बराच वेळ काही नव्हतं. मी तसं म्हटलंही. रोसामेल म्हणाला, ऐक.

आधी आवाजच आला. गोठ्यात म्हातारा घोडा उसासा टाकतो तसा, पण घोडा गावाएवढा असता तर. मग पाण्यातून वाफ वर गेली आणि तिच्या खाली काळी पाठ आली, ओली, येते आणि येतच राहते. डोक्यावर पांढरे खवले, जुन्या खडकावर शेवाळ धरतं तसे. ते डोकं आमच्यापासून इतक्या जवळ होतं की आमचं अंगण असतं तर मी झाडू मारून हाकललं असतं. शेजारी पिल्लू होतं. पिल्लूसुद्धा पावाच्या गाडीहून मोठं. ते आईच्या पाठीवर चढत होतं, घसरत होतं, आणि ती काही करत नव्हती, नुसती होती.

मी काही बोलले नाही. मी बोलत नाही असं फारसं होत नाही, त्यामुळे रोसामेलला कळलं.

तो सरळ पाण्याकडे बघत होता. म्हणजे त्याला काही दिसत नव्हतं. मी म्हटलं, "सरळ बघू नकोस. बाजूला बघ." त्यानं मान वळवली. त्याच्या डाव्या हाताला मी बसले होते. तो माझ्याकडे बघायला लागला, माझ्या तोंडाकडे, न हलता, आणि मला माहीत होतं की मी तिथे नाही, माझ्या जागी धुकं आहे, आणि कडेला देवमासा आहे. देवमासा बघायचा तर त्याला माझ्याकडे बघावं लागत होतं. मी हलले नाही. नाक खाजत होतं तरी हलले नाही. मादीनं शेपूट वर काढली, पाण्याच्या वर धरली आणि सावकाश खाली नेली, आणि ती कुठल्या क्षणी दिसली ते मी त्याच्या तोंडावर बघितलं. शेपूट त्यामुळे मी अर्धीच पाहिली.

नेलिदा उठून पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून.

मग रोसामेल म्हणाला, "मला तुकड्यातुकड्यानं दिसतो. पुरता किती आहे?"

एकतीस वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते. तो मला विचारतो आहे, मी बघते आहे, आणि मी म्हणेन तेवढाच देवमासा.

"तुझ्या ट्रकएवढा," मी म्हटलं.

तो म्हणाला, "ट्रेलरसकट?"

मी नीट बघितलं. धागे मोजावेत तसं नाकापासून शेपटीपर्यंत डोळ्यांनी मोजलं, दोनदा.

"ट्रेलरसकट."

त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

आता आम्ही गाडीत बसलो आहोत, मांडीवर पुठ्ठा, त्यात पान, धाग्यांच्या मधे त्याचं बोट. नेलिदा बाहेर अजून देवमासे बघते आहे, ज्या बाईला पुढच्या वर्षी चाललं असतं ती. हिशेबाचं एक राहिलं आहे, ते सांगते आणि मग वही मिटू. देवमासा ट्रकएवढा होता, हे खरं आहे, मी चूक होते, तो एकतीस वर्षं खरं बोलत होता. ट्रेलर मी माझ्या पदरचा जोडला. हे जसंच्या तसं लिही म्हटलं.

त्याचं बोट दोन धागे खाली गेलं. लिहिलंय म्हणतो. मला वाचता येत नाही.